डॉक्टर, तो बाहेरचं काही खात नाही हो!

मा. डॉक्टरसाहेब,



हे पत्र उघड लिहायचं कारण एवढंच, की खासगीत आमचं म्हणणं तुम्ही ऐकून घेत नाही, वर हसता. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकबाहेर आम्ही प्राणिपालक रोज सकाळी भेटतो. आधी हवापाण्याचा विषय निघतो, मग आमच्या बाळांच्या शी-शूचा, आणि मग तुमचा. तिथं जे बोललं जातं ते तुमच्या कानावर घालायची जबाबदारी सर्वांनी माझ्यावर टाकली आहे.

पहिली तक्रार तुमच्या चौकशीची. आम्ही ब्रुनोला आणतो ते औषधासाठी. तुम्ही विचारता, ‘काय खाल्लं होतं?’ आम्ही सांगतो, ‘बाहेरचं काहीच नाही. उकडलेलं चिकन आणि भात.’ सभ्य माणसानं इथं थांबावं. तुम्ही मात्र तोच प्रश्न आमच्या मंडळींना विचारता, आणि तिथूनही उत्तर आलं नाही तर आमच्या सात वर्षांच्या शेंडेफळाला. ते कार्टं सगळं ओकून मोकळं होतं : दोन पेढे, रविवारच्या मिसळीचा रस्सा आणि आजोबांनी लाडानं भरवलेली द्राक्षं. रुग्णाला वाचा नाही, म्हणून त्याच्या वतीनं बोलायचा अधिकार आमचा आहे. साक्षीदार फोडून तुम्ही तो काढून घेता.

द्राक्षांवरून तर तुम्ही कहरच केलात. नाशिकमध्ये दवाखाना थाटायचा, निफाड-दिंडोरीच्या बागायतदारांची कुत्री तपासायची आणि वर म्हणायचं, ‘कुत्र्याला द्राक्ष विष आहे.’ मी सरळ विचारलं, ‘किती चालतील?’ तुम्ही म्हणालात, सुरक्षित असा आकडा कोणालाच देता येत नाही; एखादं कुत्रं अख्खा घड खाऊन शेपूट हलवतं, दुसऱ्याची मूठभर द्राक्षांनी मूत्रपिंडं बसतात. आधी उलट्या होतात, आणि ‘आता बरा आहे’ म्हणून आपण निर्धास्त होतो त्या दोन-तीन दिवसांत लघवी थांबते. संशय टार्टारिक आम्लावर आहे म्हणे, आणि त्याचं प्रमाण वाणागणिक, पिकण्यागणिक बदलतं. बेदाणे तर आणखी वाईट. पाणी उडालं तरी आम्ल तिथंच राहतं. एवढ्यावर थांबला असता तरी आम्ही सोसलं असतं. पण तुम्ही लगेच कांद्यावर आलात. कांद्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, शिजवला तरी फुटतात, मांजराच्या तर आणखी लवकर. आता लासलगावच्या कुत्र्यानं जगायचं तरी कशावर? जिल्ह्याचं नाव ज्या दोन पिकांनी देशोदेशी नेलं, ती दोन्ही तुमच्या काळ्या यादीत. हा जिल्हाद्रोह नाही तर काय?

फोनचंही तेच. मनीला ताप आला, तेव्हा तुम्हाला तसदी नको म्हणून आम्ही घरातलीच पॅरासिटामॉल अर्धी करून दिली आणि मग केवळ माहितीसाठी फोन केला. तुम्ही ओरडलात. मांजराच्या यकृताला ही गोळी पचवता येत नाही, रक्ताला प्राणवायू वाहून नेता येईनासा होतो, माणसाची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरते, आत्ताच्या आत्ता घेऊन या, वगैरे. माणसाला चालतं, तान्ह्या मुलाला चालतं, मग मांजराला का चालत नाही, या प्रश्नावर तुम्ही तिच्या यकृतात नसलेल्या कुठल्याशा एन्झाइमचा हवाला दिलात. मांजराकडे मुळात जे नाही त्याचा हिशेब आमच्याकडून का मागता? मनी वाचली. बिल मात्र आलं.

बिलावरून आठवलं. माणसाचा डॉक्टर आयुष्यभर एकाच प्राण्याचा अभ्यास करतो. तुम्ही साडेपाच वर्षांत गाय, म्हैस, घोडा, शेळी, डुक्कर, कोंबडी, कुत्रा, मांजर सगळं उरकलंत. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला थोडं थोडंच आलं असणार. त्या मानानं फी कमी नको? मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून चालू आहे, इतक्या वर्षांत एवढी साधी गोष्ट कोणाच्या लक्षात येऊ नये? ‘बिल नको, जीएसटी वाचवा’ अशी सवलतही आम्ही तुम्हाला देऊन पाहिली. त्यावर तुम्ही सांगितलंत की दवाखान्यातल्या उपचारांवर जीएसटी नसतोच. वाचवायला काही शिल्लकच ठेवलेलं नाही.

लसींबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तिथं आमचा संशय पक्का आहे. पिल्लाला तीच लस पुन्हा पुन्हा का? तुमचा खुलासा असा की आईच्या दुधातून मिळालेली प्रतिकारशक्ती अंगात असेपर्यंत ती लसही निकामी करते. ती नेमकी कधी ओसरेल हे पिल्लागणिक वेगळं, म्हणून सोळा आठवड्यांचं होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी टोचायचं. ठीक. पण रेबीजची दरवर्षी? आमची सिंबा बंगल्याबाहेर पाऊल टाकत नाही. फाटकातून नाक बाहेर काढते आणि रस्त्यावरच्या मंडळींशी भांडते, तेवढंच. लक्षणं दिसू लागली की रेबीजवर उपाय उरत नाही, हे तुम्ही इतक्या थंडपणे सांगितलंत की आमच्या सौभाग्यवतींनी तिथल्या तिथं लस टोचून घेतली, म्हणजे सिंबाला. याला आम्ही धाकदपटशा म्हणतो.

आम्ही केवळ तक्रारखोर आहोत असा मात्र समज नको. तुमच्या काही गोष्टींचं आम्हाला मनापासून कौतुक आहे.

उदाहरणार्थ, तुमचा कंपाउंडर गोळ्या कात्रीनं कापून खाकी पाकिटात देतो. त्यावर ‘सकाळ-संध्याकाळ’ लिहिलेलं असतं. औषधाचं नाव नसतं. फार बरं पडतं. पुढं दुसऱ्या डॉक्टरकडे जायची वेळ आली आणि त्यांनी विचारलं की काय चालू होतं, तर आम्ही ‘ती पांढरी गोळी’ म्हणून मोकळे. केसपेपर तुमच्याच कपाटात राहतो, हेही उत्तम. आमच्याकडे राहिला असता तर हरवला असता.

तुमचं बाकडंही तसंच. एकच. त्यावर सयामी मांजर, रॉटवायलर आणि लव्हबर्ड्सचा पिंजरा शेजारी शेजारी बसतात. परवा पार्व्होनं रक्ताची हगवण लागलेलं एक पिल्लू आणि पहिल्या लसीला आलेलं दुसरं पिल्लू एकाच फरशीवर होती. पार्व्होचा विषाणू जमिनीवर महिनोन्महिने टिकतो, हे तुम्हीच आम्हाला सांगितलंय. असा सर्वसमभाव हल्ली कुठं पाहायला मिळतो? शस्त्रक्रियेला किती खर्च येईल हे आधी न सांगण्यामागंही तुमचं मोठं मन आहे. आधी कळलं असतं तर आम्हाला काळजी लागली असती.

आता शेरूविषयी. आमच्या सोसायटीतल्या अप्पांचा लॅब्राडॉर, वय अकरा, मागच्या पायांनी अधू. अप्पांना मुलाकडे न्यू जर्सीला जायचं होतं. ते तुमच्याकडे आले आणि ‘त्याचे हाल बघवत नाहीत, इंजेक्शन देऊन टाका’ म्हणाले. हे म्हणताना त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. मी सोबत होतो. तुम्ही शेरूला काट्यावर चढवलंत. सेहेचाळीस किलो. तुमचं म्हणणं, दुखणं पायांचं कमी आणि पोटाचं जास्त आहे. वजन उतरवा, सांध्यांचं औषध चालू ठेवा, अजून चांगला जगेल. मग तुम्ही अमेरिकेतल्या अठ्ठेचाळीस लॅब्राडॉरची गोष्ट सांगितलीत. त्यांच्या जोड्या लावल्या, प्रत्येक जोडीतल्या एकाला जन्मभर पाव हिस्सा कमी खायला घातलं, आणि २००२ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला तेव्हा कमी खाणारे जवळजवळ दोन वर्षं जास्त जगले होते. सांध्यांची दुखणीही त्यांना उशिरा लागली. गंमत म्हणजे हा प्रयोग कुत्र्यांचं खाद्य विकणाऱ्या कंपनीचा. अप्पांना गंमत वाटली नाही. ‘म्हणजे माझ्या प्रेमानं त्याचे पाय गेले म्हणता?’ असं त्यांनी विचारलं, आणि तुम्ही गप्प राहिलात. निदान तिथं तरी खोटं बोलायला हवं होतं. इंजेक्शन तुम्ही दिलं नाहीतच.

अप्पा गेले. शेरू वॉचमनकडे आहे. त्याचं वजन उतरलंय, कारण वॉचमनला रोज साजूक तुपातली पोळी परवडत नाही. सकाळी शेरू वॉचमनच्या मागून फाटकापर्यंत चालत येतो. तुमचं खरं ठरलं, हे आम्ही मनावर घेतलेलं नाही.

शेवटचा मुद्दा रात्रीचा, आणि इथं टोमणे आवरते घेतो. रात्री साडेअकराला कुत्र्याचं पोट फुगलं, साप चावला, दिवाळीच्या फटाक्यांनी बिथरून गच्चीवरून उडी मारली, की आम्ही एकामागून एक नंबर फिरवत बसतो. तुमचा फोन बंद असतो. का बंद असतो, तेही आम्हाला ठाऊक आहे : तुम्ही एकटे, सकाळी नवापासून उभे, आणि रात्री येणाऱ्या फोनांतले बहुतेक आठवडाभराच्या खाजेचे असतात. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांची घडी मुळात दुभत्या जनावरांसाठी बसलेली. अशोक स्तंभाजवळच्या दवाखान्यात दिवसा कुत्री-मांजरं दिसतात, पण शहरभरच्या पग आणि हस्कींचा रात्रीचा भार त्यांनी उचलावा ही अपेक्षा चुकीची आहे. मुंबईत परळचं बाई साकरबाई रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून आहे, महालक्ष्मीला २०२४ मध्ये टाटांचं पाच मजली रुग्णालय उघडलं. पोट पिळवटलेल्या कुत्र्याकडे मात्र कसारा घाट उतरून तिथं पोहोचण्याइतका वेळ नसतो.

तेव्हा विनंती अशी. नाशिकमध्ये तुमच्यासारखे नोंदणीकृत पशुवैद्य बरेच आहेत. सर्वांनी मिळून रात्रपाळी वाटून घ्यावी. एका रात्री एक दवाखाना उघडा राहिला तरी पुरे. कोणत्या रात्री कोण, याची महिन्याची यादी प्रत्येक दवाखान्याच्या शटरवर लावावी. रात्रीची फी दुप्पट ठेवा आणि आधी घ्या. खाजेसाठी येईल त्याच्याकडून चौपट घ्या, आम्ही तक्रार करणार नाही. यादी छापायचा खर्च आमच्या ट्रॅकवरच्या मंडळींनी उचलायचं ठरवलं आहे, पैसेही जमले आहेत. तुम्ही फक्त पहिलं नाव लिहा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
ब्रुनोचा बाबा
गंगापूर रोड, नाशिक