गुपिताचे जाहीर धनी

पुण्याच्या जुन्या पेठांत, सेवानिवृत्तीनंतर ज्यांच्या बुद्धीला एकाएकी पालवी फुटते अशा गृहस्थांचा एक वर्ग आहे. हे गृहस्थ स्वतःस संशोधक म्हणवितात, आणि शंकर आबाजी भिसे यांचा उल्लेख ‘आमचे भिसे’ असा इतक्या अधिकाराने करतात, की भिसे यांचे, छपाईचे खिळे ओतणाऱ्या यंत्रांचे शोध उभयतांच्या भागीदारीत लागले असावेत, असे ऐकणाऱ्यास वाटावे.

आमच्या आळीतील अशा एका संशोधकांनी, कुकरच्या तीन शिट्ट्या मोजून गॅस आपोआप बंद करणारी कळ सिद्ध केली आहे. उणीव आहे ती भांडवलाची. आणि १९७६ सालचा ‘मंथन’ हा चित्रपट गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये घालून उभा केला, हे कानी आल्यापासून इंटरनेटवरून लोकवर्गणी मागण्याचा त्यांचा निश्चय झाला आहे. तत्पूर्वी पेटंट एजंटाचा सल्ला घ्यावा, ही जावयाची सूचना मात्र त्यांना मुळीच रुचली नाही. कारण सल्ला ही फुकट देण्याची वस्तू असून ती विकत घेणे म्हणजे कुळाचार मोडणे होय, अशी त्यांची श्रद्धा.

तरीही ते गेले; आणि गुप्तता राखणे हाच ज्याच्या व्यवसायाचा पहिला धर्म, त्या एजंटापुढे बराच वेळ त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. “स्वयंपाकघरातले यंत्र आहे, एवढेच सांगतो. पुढचे तुम्ही ओळखा!”

“आजवर कोणास दाखविलेत?”

“छे! कोणासही नाही,” असे बाणेदारपणे उत्तरून, गणेशोत्सवाच्या मंडपात झालेले प्रात्यक्षिक, त्यात करपलेला भात आणि पुढे ज्येष्ठ नागरिक संघात आकृत्यांसह दिलेले व्याख्यान यांचा साद्यंत वृत्तांत त्यांनी स्वमुखे निवेदन केला.

एजंटाने शांतपणे खुलासा केला, की अर्ज दाखल होण्यापूर्वी जे चारचौघांत उघड झाले ते कायद्याच्या नजरेत नवे उरत नाही. १९७० च्या पेटंट कायद्याने राजपत्रात अधिसूचित झालेल्या प्रदर्शनांस बारा महिन्यांची मुभा दिली आहे खरी, परंतु गल्लीतल्या मंडपाचा समावेश करण्याचे सरकारच्या ध्यानी आलेले नाही. तेव्हा मंडपातली कळ गेलीच; त्यानंतर तिच्यात केलेली सुधारणा तेवढी कदाचित वाचेल. वर्गणी मागायची तर सारे यंत्र लोकांपुढे उलगडून मांडावे लागणार. म्हणून आधी तात्पुरता अर्ज, मग झोळी, आणि बारा महिन्यांच्या आत संपूर्ण तपशील, हाच क्रम.

“आणि मग ते कायमचे गुप्त?”

“नाही. अठरा महिन्यांनी पेटंट कार्यालयच अर्ज प्रसिद्ध करते. शोध उघड करावा, त्याच्या मोबदल्यात वीस वर्षांची मक्तेदारी मिळवावी, असा हा करार आहे.”

“म्हणजे गुपित सरकारदरबारी जमा करायचे, आणि दवंडी सरकारनेच पिटायची?” असे गरजून ते उठले, आणि त्याच रात्री सुधारित यंत्राची चित्रफीत, आकृत्यांसह, समस्त जगास दाखवून मोकळे झाले.

वर्गणी अद्याप आलेली नाही. परंतु बड्या कंपन्यांचे हेर आपल्या मागावर आहेत, या खात्रीने ते पूर्वीपेक्षा प्रसन्न दिसतात. आणि उद्या ती कळ कोणी खरोखरच चोरली, तर ते फिर्याद नोंदवावयास जातील ते पोलिसांसाठी पेढे घेऊनच.