गुळाच्या चहाला 'शुगर फ्री' म्हणू नका

तुळजापूरला सोलापूरकडून या, धाराशिवकडून या, नाहीतर नळदुर्गावरून. वाटेत गुळाच्या चहाची पाटी भेटतेच. चहा फक्कड असतो. माझं भांडण त्याच्यासोबत फुकट मिळणाऱ्या हमीशी आहे. 'घ्या काका, गुळाचा आहे, शुगरवाल्यांना चालतो.'

नाही चालत. गुळातला तीन चतुर्थांशाहून जास्त भाग साखरच असते. कपभर चहात पडणाऱ्या गुळातून मिळणारं लोह नगण्य, रक्तात चढणारी साखर मात्र खरी. चव आवडते म्हणून गुळाचा चहा प्या, पण औषध समजून पिऊ नका. आणि विकणाऱ्यांनी मधुमेह असलेल्या माणसाला असली खात्री देऊ नये. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीत देशातल्या मधुमेहींचा अंदाज 10 कोटींच्या वर गेला आहे. एवढ्या लोकांच्या प्रकृतीशी खेळ नको.

'नैसर्गिक आहे, वनस्पतीपासून आहे' हा दुसरा मंत्र. मग ऊस काय खाणीतून काढतात? ढोकीला तेरणा आणि नळदुर्गला तुळजाभवानी कारखाना उभा राहिला तो एक वनस्पती गाळायलाच. झाडापासून आलं एवढ्यावरून ते अंगाला मानवेल असं ठरत नाही.

आता स्टीव्हिया. दक्षिण अमेरिकेतल्या पॅराग्वेकडचं हे झुडूप. तिथले ग्वारानी लोक त्याची गोड पानं पूर्वापार वापरत आले. पानातला गोड अर्क वेगळा करून शुद्ध केला की तो साखरेच्या 200 ते 300 पट गोड लागतो आणि रक्तातली साखर वाढवत नाही. भारतात अन्नपदार्थांत वापरायला त्याला 2015 मध्ये परवानगी मिळाली. मधुमेह असलेल्याला चहा गोडच लागत असेल तर ही सोय चांगली आहे, मी तिच्या बाजूनं आहे. फक्त पुडी उलटी करून वाचा. समोर हिरवं पान छापलेलं असतं. मागे घटकांत पुष्कळदा एरिथ्रिटॉल, माल्टोडेक्स्ट्रिन किंवा डेक्स्ट्रोज पहिलं निघतं आणि स्टीव्हियाचा अर्क चिमूटभर. यातलं डेक्स्ट्रोज म्हणजे ग्लुकोज, आणि माल्टोडेक्स्ट्रिनचंही पोटात गेल्यावर ग्लुकोजच होतं. पानाचे पैसे मोजून भुकटी घरी आणू नका.

गोड पान आपल्याकडेही आहे, त्यासाठी पॅराग्वे गाठायची गरज नव्हती. विड्यात घालतात तो गुंजेचा पाला. घसा बसला की जाणती माणसं ज्येष्ठमधासोबत हाच पाला चघळायला सांगतात. त्यातले गोड घटक साखरेच्या 30 ते 100 पट गोड असल्याचं 1989 मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं. आणि याच वेलीची लाल-काळी बी चावून गिळली तर जीव जाऊ शकतो. एकाच वेलीवर दोन्ही! ज्येष्ठमधही गोड, पण रोज फार खाल्लं तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटतं. झाडपाल्यानं अपाय होत नाही असं सांगणाऱ्यानं ही दोन नावं लक्षात ठेवावीत.

मे 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं की वजन आटोक्यात ठेवायला साखरेऐवजी असली गोडी वापरू नका, दीर्घकाळात तिचा फायदा दिसत नाही. यादीत सॅकरिन आणि ॲस्पार्टेमसोबत स्टीव्हियाही होती. हा सल्ला आधीच मधुमेह असलेल्यांसाठी नव्हता, हे सांगितलंच पाहिजे. बाकीच्यांनी मात्र तो मनावर घ्यावा. जीभ तेवढ्याच गोडाला सोकावलेली राहिली तर पुडी बदलून काय साधणार? पुरणपोळी सणाला खा, तुळजाभवानी आईच्या नैवेद्याची तर खाच. घात करतो तो दिवसातून पाच-सहा वेळा घशाखाली जाणारा गोडमिट्ट चहा.

आणि तो चहा गोड प्यावा की नाही, हे ठरवायची मुभाच तुळजापुरात फारशी नाही. टपरीवर साखर उकळतानाच पडते. कमी साखरेचा मागितला की उत्तर येतं, 'पातेलं एकच आहे.' चूक इथे आहे आणि ती दुरुस्त करायला परदेशी झुडूप लागत नाही. चहा बिनसाखरेचा उकळा, साखर बाजूला ठेवा, ज्याला हवी तो घालून घेईल.

साखर बाजूला ठेवा म्हणतो ते मुद्दाम. कोजागरीला सोलापूरहून रात्रभर 45 किलोमीटर चालत येणाऱ्यांत मधुमेहाच्या गोळ्या, इन्सुलिन घेणारेही असतात. उपाशीपोटी चालताना साखर अचानक उतरली की घाम फुटतो, हातपाय थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा वेळी स्टीव्हिया कुचकामी. तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून तत्काळ पाजावी लागते. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही न घालता थेट दवाखाना गाठायचा. वाटेवर मांडव घालून जी मंडळी मोफत चहा आणि केळी वाटतात, त्यांच्या सेवाभावाला हात जोडून एक मागणं आहे. या आश्विनात दोन पातेली ठेवा. एकावर 'बिनसाखरेचा' असं लांबून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहा, शेजारी साखरेचा डबा ठेवा, आणि घाम फुटलेल्या माणसाला त्यातलं काय द्यायचं हे वाढणाऱ्या पोरांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा.