लाल शेरा

माझ्या मित्राचे नाव मी येथे लिहीत नाही. कारण माणसाचे नाव पगारपत्रक आणि हजेरीपट या दोन दस्तऐवजांखेरीज अन्यत्र कोठेही येणे म्हणजे निव्वळ मिरवणे होय, असे त्याचे ठाम मत होते, आणि त्याच्या मताविरुद्ध जाण्याचे धैर्य मला आजही होत नाही.

आम्ही दोघेही पिंपरीच्या वसाहतीत वाढलो. 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने पिंपरीच्या माळावर पेनिसिलिन तयार होऊ लागले, तेव्हा आमच्या दोघांच्याही वडिलांनी तेथे चाकरी धरली. प्रचंड टाक्यांतून बुरशी वाढवायची आणि तिच्यापासून औषध काढायचे, हा तेथील उद्योग, त्यामुळे डब्यातल्या भाकरीला बुरशी आली म्हणून आईने एकदा नाक मुरडताच वडील अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "तिला नावे ठेवू नकोस, तिच्यावरच आपले पोट आहे." चिंचवडच्या मोरयावर असावी तितकीच अढळ श्रद्धा त्यांची पेनिसिलिनवर होती.

1999 च्या पावसाळ्यात त्यांना पक्षाघात झाला. उजवे अंग लुळे पडले, वाणी गेली; आणि पेनिसिलिनची मात्रा ज्यावर चालत नाही असाही रोग जगात असतो, हा अपमान त्यांना त्या अवस्थेतही सहन होत नसावा, असे त्यांच्या मुद्रेवरून दिसे. आप्तेष्ट आले, खुर्च्या ओढून बसले, चहा प्याले, निरनिराळ्या काढ्यांची शिफारस करून गेले.

तिसऱ्या दिवशी मित्र आला. त्या सुमारास चाकणच्या बाजूला नवे कारखाने उभे राहत होते आणि त्यांतल्या एकात तो टाइमकीपर होता. आजाऱ्याकडे जाताना लोक मोसंबी नेतात. याने चाकणच्या बाजारातून कांद्याचे अर्धे पोते आणले होते. मी चकित होऊन पाहू लागताच म्हणाला, "मोसंबी नासतात. कांदा टिकतो. आणि तुझ्याकडे आता रोज दहा पाने जेवायला असणार." मग त्याने पिशवीतून शंभर पानी वही, पट्टी आणि निळे व लाल अशी दोन पेने काढली, आणि खाटेच्या कडेवर वही टेकवून रकाने आखावयास आरंभ केला.

सकाळी सात ते तीन पहिली पाळी, तीन ते अकरा दुसरी, अकरा ते सात तिसरी. आजवर ज्यांनी सल्ल्यावाचून दुसरे काहीही दिले नव्हते, ते माझे मेहुणे फर्मान सुटताच दुसऱ्या पाळीत तैनात झाले. काढेवाल्या मावशींकडे भाताच्या पेजेचे खाते गेले. आणि येणाऱ्याने यावे, सही करावी, कामास लागावे, नुसते बसावयाचे असेल तर घरी बसावे, असा अंमल सुरू झाला. शाहिस्तेखानाने 1660 मध्ये चाकणला वेढा घातला तेव्हा फिरंगोजी नरसाळ्याने पन्नासांहून अधिक दिवस किल्ला लढवला. आमचा वेढाही जवळजवळ तितकाच चालला, फरक एवढाच की आमचा किल्लेदार आपल्याच शिबंदीला अधिक धाकात ठेवी.

एकदा मी सात मिनिटे उशिरा पोहोचलो. त्याने मनगटावरचे घड्याळ पाहिले, वही उघडली आणि माझ्या नावापुढे लाल शेरा मारला.

"अरे, बाप माझा आहे!" मी म्हणालो.

"म्हणूनच. परक्याला सूट दिली असती."

स्वतःसाठी त्याने आठवड्यातून चार रात्री तिसरी पाळी घेतली होती. चाकणला दुसरी पाळी संपवून, भर पावसात स्कूटर हाणीत, मोशी आणि भोसरी मागे टाकून तो बाराच्या आत येई, रेनकोट दाराला टांगी, वडिलांना कुशीवर वळवी, चादर सरळ करी, आणि त्यांचा डोळा लागला की ओसरीत त्याच कांद्याच्या पोत्यावर डोके टेकून आडवा होई. पहाटे उठे तेव्हा गालावर गोणपाटाची वीण स्पष्ट उमटलेली असे. उशी देऊ केली तर म्हणे, "उशीवर झोप लागते. मी ड्यूटीवर आहे."

हळूहळू वडिलांच्या तोंडून शब्द फुटू लागले. एका रात्री तो त्यांचा लुळा हात चोळीत असताना, बराच वेळ जिभेशी झटापट करून ते म्हणाले, "ओ...व्हर...टाइम." पुढचे बोट त्यांनी त्याच्याकडे केले. हा मनुष्य जादा काम करीत असून त्याचा मोबदला थकला आहे, हे जन्मभर कारखान्यात घालविलेल्या गृहस्थांच्या नजरेतून सुटले नव्हते.

"मंजुरी नाही, काका," तो म्हणाला, आणि स्कूटरचा स्विच बंद केला की नाही ते पाहण्याच्या मिषाने बाहेर गेला. स्कूटर तासापूर्वीच बंद झाली होती. तो परत यावयास बराच वेळ लागला.

वडील त्यानंतर सहा वर्षे जगले. काठी टेकीत वसाहतीत फिरले आणि भेटेल त्याला पेनिसिलिनची थोरवी ऐकवीत राहिले. वही माझ्यापाशीच आहे. तिच्यात माझ्या नावापुढे एकूण अकरा लाल शेरे आहेत आणि मेहुण्यांच्या नावापुढे एकही नाही, हे मेहुणे अजून कोणत्याही लग्नकार्यात सांगितल्यावाचून राहत नाहीत.

गेल्या वर्षी तो गेला. निरोप मिळताच मी निघालो; परंतु चाकणच्या तळेगाव चौकात ट्रकांच्या रांगेत गाडी अडकली, आणि मी पोहोचलो तो चाळीस मिनिटे उशिरा. दारात चपला काढताना सवयीने घड्याळाकडे पाहिले. लाल शेरा मारावयास कोणी नव्हते.