मन आवरून पोट आवरण्याची पद्धत (कोरीट व परिसरासाठी)

हे मार्गदर्शन नंदुरबार तालुक्यातल्या कोरीटच्या रहिवाशांसाठी आहे. पुण्या-मुंबईच्या मंडळींनी वापरल्यास परिणामांची जबाबदारी आमची नाही. तिकडे माणूस मध्यरात्री फ्रीज उघडून, एकटाच, स्वतःच्या दुःखाने खातो. कोरीटला एकटं असण्याची सोय नाही. इथे बहुतेक खाणे दुसऱ्याच्या भावनेखातर होते, हे आधी ध्यानात घ्यावे.

पथ्य कोणते, हा वादाचा मुद्दा नाही. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या व्याख्यानातून स्फूर्ती घेऊन डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी सांगितलेला मार्ग गावोगाव पाठ आहे: कडक भूक लागेल तेव्हा दिवसातून दोनदाच, ५५ मिनिटांच्या आत जेवायचे आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचे. ५५ मिनिटांबद्दल कोणाचीच तक्रार नाही. शेवभाजी पुढ्यात असताना इतका वेळ घेणाऱ्या माणसाला खान्देशात आजारी समजतात. अडचण आहे ती अधेमधे काही न खाण्याची.

सर्वांत घातक भावना म्हणजे वहिनींचा रुसवा. तुम्ही खताच्या भावाची चौकशी करायला कोणाच्या ओट्यावर टेकता. बशीत शेव, शेवेवर चिरलेला कांदा, शेजारी चहा. साखर नको म्हणालात तर आतून प्रश्न येतो, ‘डायबेटिस निघाला का भाऊ?’ निघाला नाही म्हणालात तर, ‘मग खाई ल्या ना, थोडंसं तं शे.’ निघाला म्हणालात तर संध्याकाळपर्यंत तुमच्या घरी विचारपूस करणारे येतात आणि त्यांच्यासाठी पुन्हा चहा-शेव करावी लागते. पीटर गोलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने मोहाच्या प्रसंगांसाठी आधीच ‘जर-तर’ ठरवून ठेवायला सांगितले आहे: जर बशी समोर आली, तर मी पाणी मागेन. पद्धत खरोखर उपयोगी आहे. फक्त कोरीटमध्ये पाणी मागितले की ‘नुसतं पाणी कसं द्यायचं’ म्हणून गुळाचा खडा येतो. तेव्हा तहान घरूनच भागवून निघावे.

दुसरी भावना चिंता. नंदुरबारच्या पथारींवर लाल मिरची वाळत पडलेली असते आणि ऐन ऑक्टोबरात आभाळ भरून येते. अशा वेळी शरीरात कॉर्टिसोल वाढून तळलेल्या-गोडाकडे ओढ लागते, असे विज्ञान सांगते; ते न सांगता भजीवाला जाणतो. शहरातली पुस्तके इथे दहा दीर्घ श्वास घ्यायला लावतात. ज्याने ही सूचना लिहिली तो मिरचीच्या ढिगाजवळ कधी उभा राहिलेला नाही. आमचा सल्ला असा की चिंता आणि आनंद यांची वेगवेगळी नोंद ठेवू नये, कारण भाव पडला तर शेवभाजी होते आणि वधारला तर शेवभाजी व जिलेबी होते.

श्रावणात घरोघरी कानबाई देवी बसते तेव्हा हे मार्गदर्शन स्थगित समजावे. तिच्या प्रसादाचे रोट भाऊबंदकीतच संपवायचे असतात. तिथे पथ्य सांगणारा भाऊबंदकीतून बाहेर जातो.

व्यायामात आड येणारी भावना म्हणजे संकोच. नंदुरबारच्या रस्त्याने तुम्ही हात हलवत भरभर निघालात की मागून मोटारसायकल थांबते. ‘गाडी बंद पडली का? बसा.’ दुसरी थांबते, ‘घरी काही झालं का?’ तिसरी काही न विचारता पुढे जाते आणि तुमच्या घरी कळवते. उपाय सोपा आहे: हातात रिकामी पिशवी ठेवावी. काम असलेल्या माणसाचे चालणे आपल्याकडे क्षम्य आहे.

घरातल्या बाईसाठी निराळी सूचना द्यावी लागते. तिचे चालणे गोठा, शेत आणि पाणी यांतच होऊन जाते, त्याला कोणी व्यायाम म्हणत नाही. ती सर्वांत शेवटी बसते आणि मुलांनी टाकलेली अर्धी भाकरी, नवऱ्याने सोडलेला भात, कढईतली भाजी ‘वाया जायला नको’ म्हणून पोटात ढकलते. ही भावनाच आहे, आणि शेव समोर आल्याने होणाऱ्या मोहापेक्षा जुनी आहे. जर-तरची पद्धत इथे चालू शकेल: जर ताटात उरले, तर ते सोडणाऱ्यानेच संपवावे. हा मसुदा पारावरच्या बैठकीत ठेवला, तेव्हा त्यावर चर्चा सुरू होणार इतक्यात चहा आला.