भिंतीवरचे साहेब

काय दिवस आलेत हो! जानेवारी उजाडायच्या आत आमच्या नगर जिल्ह्यात एकेका घरात चार-पाच कॅलेंडरं येऊन पडतात. पतसंस्थेचं, दूध डेअरीचं, साखर कारखान्याचं, वर ‘भावी आमदारां’चं. कालनिर्णयाने १९७३पासून तिथी, सण, एकादशा सांगून लोकांना वळण लावलं. या मंडळींनी तिथीच हाकलली. पाऊण कागद साहेबांचा. हात जोडलेले, मागे मोठे साहेब ढगातून आशीर्वाद देताहेत, कडेला पोस्टाच्या तिकिटाएवढे सरपंच. उरलेल्या पट्टीत बिचारा महिना. संकष्टी बघायची तर भिंग आणा!

आणि बायकांचा आगाऊपणा तर विचारूच नका. कोपरगावपासून जामखेडपर्यंत कुठल्याही स्वयंपाकघरात डोकवा. चौकटी इतक्या चिमुकल्या, की दुधाचा हिशेब मावत नाही. म्हणून ‘दीड लि., दीड लि., खाडा’ सरळ साहेबांच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर! गॅसवाल्याचा नंबर गालावर. विकासपुरुषाच्या छातीवर खाडा बघून कार्यकर्त्याला चहा गोड लागेल का?

तरी सत्तेला तारखांचा हा सोस जुनाच. फ्रान्समध्ये राजाचं मुंडकं उडवलं १७९३ साली, आणि त्याच वर्षी या क्रांतिकारकांनी आठवडाच दहा दिवसांचा केला. रविवार गेला! नऊ दिवस राबा, मग सुट्टी. संतांना काढून गाजर, भोपळा, गाढव यांच्या नावाने दिवस. भोपळा आपल्याकडेही खपला असता; पण गाढवाच्या दिवशी नेमका एखाद्या नेत्याचा वाढदिवस निघाला असता तर? द्यबुकूर नावाच्या चित्रकाराने भिंतीवर लावायला सुरेख कॅलेंडर कोरलं. वर चेअरमन नाही. टोपी घातलेली बाई, ऐटीत बसलेली. याला म्हणतात क्रांती! महिन्यांना गोड नावं देणाऱ्या फाब्र देग्लांतीनचं डोकं मात्र १७९४च्या एप्रिलात गिलोटिनखाली गेलं, आणि १ जानेवारी १८०६पासून नेपोलियनने सगळा पसारा गुंडाळला.

लांब कशाला, आपल्या भुईकोट किल्ल्यात १९४२ ते ४५ कैदेत काढलेल्या नेहरूंनाही पंतप्रधान झाल्यावर हौस आवरली नाही. १९५२ साली मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि २२ मार्च १९५७ला सरकारी सौर चैत्र १, शके १८७९ उजाडला. राजपत्रात ती तारीख इमानेइतबारे छापून येते. पण सौर तारीख बघून कुणी मुलीचं लग्न ठरवलंय?

यंदाची बातमी तर आणखी चमचमीत. म्हणे एका पुढाऱ्याने घाईने कॅलेंडरं छापून घेतली आणि पंधरवड्यात पक्षच बदलला. गठ्ठे टाकवेनात, म्हणून पोरांना बसवून मोठ्या साहेबांच्या तोंडावर नव्या मोठ्या साहेबांचे स्टिकर चिकटवले. एप्रिलच्या उन्हात डिंक सुटला. आता पारनेरकडच्या काही भिंतींवर जुने साहेब नव्यांच्या कानामागून डोकावताहेत म्हणे, आणि कार्यकर्ते घरोघर फेविकॉल घेऊन फिरताहेत!