ओट्सकाका

निवृत्त झालेला मराठी माणूस पूर्वी सोसायटीच्या कमिटीत शिरायचा. आता कमिटीवर आयटीतली पोरं बसली, मेंटेनन्स ॲपवर गेला आणि टाकीत पाणी नाही ही तक्रारसुद्धा क्यूआर कोड स्कॅन करून करावी लागते. त्यामुळे तो स्वयंपाकघरात शिरतो. कमिटीतला माणूस निदान मीटिंग संपली की घरी जायचा. स्वयंपाकघरातल्याने जायचं कुठे?

आमच्या डोंबिवलीत, पूर्वेला, दोन-तीन इमारतींमागे असा एक गृहस्थ हमखास सापडतो. आडनाव काहीही असो, बिल्डिंगमधली पोरं त्याला ओट्सकाका म्हणतात. हयात बँकेत, विम्यात नाहीतर सरकारी खात्यात गेलेली असते. आमच्या मजल्यावरचे काका बँकेतले, त्यातून कर्जवसुली विभागातले. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. नोकरीत असताना सकाळची फास्ट पकडायची असायची, तेव्हा त्यांचा नाश्ता म्हणजे चहात बुडवलेली शिळी पोळी, आणि ती संपवता संपवता दुसऱ्या हाताने मोजा चढवणं. घरात भाजणीचा डबा कुठल्या फळीवर असतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. भाजणी ही भाजून, गिरणीत नेऊन, दळून आणावी लागते, हे ठाऊक असण्याचाही काही पुरावा नाही.

निमित्त झालं रक्ताच्या रिपोर्टचं. एलडीएल १६२. डॉक्टरांनी एक गोळी लिहून दिली आणि पुढच्या पेशंटसाठी घंटी दाबता दाबता म्हणाले, "सकाळी ओट्स वगैरे खात जा." गोळी काका अधूनमधून विसरतात. 'ओट्स वगैरे' मात्र त्यांनी फार मनावर घेतलं, आणि त्यातलं 'वगैरे' जरा जास्तच.

वाण्याकडे जाऊन नुसतं "ओट्स द्या" म्हणणारा माणूस काकांच्या मते अजून बालवाडीत आहे. दाण्याचे सुरीने दोन-तीन तुकडे केले की ते स्टील-कट, शिजायला अर्धा तास खातात. वाफवून रुळाखाली चपटे केले की रोल्ड. त्याहून पातळ दाबलेले ते इन्स्टंट, दुधात पडले की लगदा. काका घरी ओट्स नि बिया भाजून जे मिक्स करतात, त्याला फक्त रोल्ड. मसाला ओट्सच्या पाकिटाची तर ते पुढची बाजू बघतच नाहीत. चष्मा कपाळावर चढवून मागचा बारीक मजकूर वाचतात आणि दुकानातल्या बाकीच्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा बेताने विचारतात, "यात सोडियम किती आहे, वाचलंत का?" आमचा वाणी शांत माणूस आहे. तो म्हणाला, "काका, मी विकतो. वाचायला तुम्ही आहात की."

रविवारी सकाळी मिक्स होतं. आदल्या रात्री ओट्यावर एक कागद चिकटवलेला असतो : सकाळी नऊ ते अकरा गॅसची मोठी शेगडी राखीव. काकू पहाटेच कुकर लावून मोकळ्या होतात. मग काका लोखंडी कढई ठेवतात आणि चार वाट्या ओट्स मंद आचेवर, अगदी मंद आचेवर, हलवत बसतात. ओट्सचा रंग फारसा बदलत नाही, त्यामुळे डोळ्यांवर भरवसा ठेवायचा नाही. वास खमंग आला आणि कालथ्याखाली चुरचुर आवाज यायला लागला की उतरवायचे. मग जवस, ते तडतडायला लागलं की लगेच खाली, नाहीतर कडू होतं. मग तीळ, ते कढईबाहेर उड्या मारतात आणि काका त्यांच्यामागे. भोपळ्याच्या बिया टम्म फुगेपर्यंत, सूर्यफुलाच्या जरा कमी. बदाम ते सुरीने कापत नाहीत. त्यासाठी त्यांनी आजोबांचा पितळी अडकित्ता माळ्यावरून काढला आहे. पाय पसरून, मांडीवर वर्तमानपत्र घेऊन ते एकेका बदामाचे असे काप काढतात की बघत राहावं. खरं सांगायचं तर ते इथेच सुखी दिसतात. एक काप जाड निघाला तर तो बाजूला, तोंडात. जाड काप बरेच निघतात.

खोबऱ्याचे काप, खारकेची पूड, दालचिनी, वेलची. बेदाणे सगळ्यात शेवटी आणि कच्चेच, कारण पहिल्या खेपेला ते ओट्सबरोबर भाजले गेले आणि त्यांचे छर्रे झाले. सगळं परातीत पसरून पंख्याखाली ठेवायचं. "पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण लावू नका हो, वाफ धरली की सादळतं," असं काकू पहिल्या रविवारी म्हणाल्या होत्या. चाळीस वर्षं भाजणी नि मेतकूट करणाऱ्या बाईचा हा सल्ला काकांनी त्या दिवशी कानाआड केला. मिक्स सादळलं. पुढच्या रविवारपासून 'मॉइश्चर कंट्रोल' हा काकांचा शोध म्हणून जाहीर झाला. बरणीवर चिठ्ठी लागते : मिक्स क्र. १४. भाजल्याची तारीख. शेरा : वेलची संपल्याने जायफळ. खाली सही.

हे मिक्स कशातही चालतं हा त्यांचा मुख्य दावा, आणि तो खोटा नाही. दुधात घाला, दह्यात घाला, ताकात कालवून वर हिंग-मोहरीची फोडणी द्या. मिक्सरमधून फिरवलं की थालिपिठात नि घावनात खपतं, गुळाच्या पाकात टाकलं की लाडू. पण चालतं म्हणून चालवायचं कुठवर? गेल्या गणपतीत त्यांच्या लक्षात आलं की खारीक नि खोबरं आपल्या बरणीत आहेच, बेदाण्यांना खिसमिस म्हटलं की तिसरं झालं. खसखस आणि खडीसाखर टाकली की पंचखाद्य तयार. ओट्स 'ख'ने सुरू होत नाहीत ही काकूंची हरकत त्यांनी तांत्रिक म्हणून फेटाळली. गणपती दीड दिवसाचा होता म्हणून निभावलं.

लिफ्टमध्ये त्यांच्याबरोबर सापडलात तर बीटा-ग्लुकान ऐकावं लागतं. आमची लिफ्ट जुनी आहे, चौथ्या मजल्यापर्यंत विषय पुरा होतो. हा ओट्समधला विरघळणारा तंतू. आतड्यात जाऊन बुळबुळीत होतो, पित्तातली आम्लं धरून बाहेर नेतो. मग नवं पित्त करायला यकृताला रक्तातलं कोलेस्टेरॉल उचलावं लागतं. "थकबाकीदाराच्या खात्यातून परस्पर वळतं करून घ्यायचं, बस!" हे बोलताना त्यांच्या डोळ्यांत जुनी चमक येते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ साली ओट्सच्या पाकिटावर हृदयाला हितकारक असं छापायला परवानगी दिली, ती दिवसाला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकानच्या हिशेबाने. रोल्ड ओट्समध्ये ते साधारण ४ टक्के. म्हणजे रोज ७५ ग्रॅम ओट्स पोटात गेले पाहिजेत.

इथे काकूंचा हिशेब सुरू होतो. पहिल्या मिक्समध्ये चार वाट्या ओट्स आणि बाकी सगळं मिळून एक वाटी होतं. नातवाला काजू आवडतात, व्याह्यांनी अक्रोड पाठवले, असं करत करत चौदाव्यात ओट्स वजनाने निम्म्यावर आले. काकूंनी एकदा सोनाराकडून आल्यासारखं तोंड करून वजनकाटा पुढ्यात ठेवला. "तुमचे ७५ ग्रॅम ओट्स पोटात जायला दीडशे ग्रॅम मिक्स खायला हवं. म्हणजे सातशेच्या आसपास कॅलरी. एवढ्यात दोन वडापाव बसतात की हो."

काकांनी झुरिक काढलं. १९०० च्या सुमारास तिथल्या डॉ. बिर्शर-बेनर यांनी आपल्या रुग्णांसाठी जे म्यूस्ली केलं, त्यात ओट्स जेमतेम चमचाभर होते. तेव्हा आपले कमी झाले तर ते मूळ परंपरेला धरूनच आहे.

"आणि बाकी काय घालायचे ते?"

"एक अख्खं सफरचंद. सालीसकट किसून."

"मग काजूंच्या जागी सफरचंद घाला उद्यापासून."

काकांनी वहीत लिहिलं : सफरचंद – टिकत नाही.

मध्यंतरी त्यांचा राहुरीकडचा चुलतभाऊ आला होता. तिथल्या कृषी विद्यापीठाने चाऱ्यासाठी काढलेली ओटची 'फुले हरिता' ही जात तो शेतात लावतो. समोर वाडगा आल्यावर त्याने तो निरखून पाहिला. "दादा, आमच्याकडं ह्याचा हिरवा चारा म्हशीला पडतो. दूध बक्कळ देते." काकांनी गंभीरपणे विचारलं, "तिचं कोलेस्टेरॉल कधी तपासलंय का?"

पण खरी गंमत बरण्यांची आहे. मिक्स एकट्याने खाण्यात काकांना रस नाही, ते वाटण्यात आहे. कॉफीच्या, लोणच्याच्या, जॅमच्या रिकाम्या बाटल्या उकळून, पुसून, चिठ्ठ्या लावून ते दारोदार देतात. आणि आपल्याकडे शेजारचं भांडं रिकामं परत करायचं नसतं. एरवी चिमूटभर साखर घातली तरी भागतं, पण काकांच्या बरणीत साखर घालून कोण पाठवणार? त्यांचं भाषण ऐकावं लागेल. मग पहिल्या मजल्यावरून चकली येते. बी विंगमधून लसणीची शेव. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या हातचे रव्याचे लाडू, तुपात जरा सढळ. काकूंनी घरात तळण बंद केलं त्याला दोन वर्षं झाली आणि ही दोन वर्षं त्या घरात जेवढा तळलेला पदार्थ आला तेवढा पूर्वी कधी आला नव्हता. काका त्याला तळलेलं म्हणत नाहीत. परतफेड म्हणतात. परतफेड नाकारणं बँकेच्या माणसाला जमत नाही.

त्याची वहीसुद्धा आहे. डावीकडे मजला आणि खोली, मग बरणी दिल्याची तारीख, मग परत आल्याची, आणि शेवटच्या रकान्यात काय आलं ते. ज्यांची बरणी महिनाभर आली नाही त्यांच्यापुढे तांबड्या शाईने खूण. संध्याकाळी फेरफटक्याला निघताना कापडी पिशवी असते. "सहज आलो होतो," असं म्हणत ते दारात उभे राहतात आणि त्यांची नजर तुमच्या खांद्यावरून थेट ओट्यावर जाते. पस्तीस वर्षांची सवय आहे, कर्जदार गडबडतोच.

परवाचा रिपोर्ट एलडीएल १४१ सांगतो. डॉक्टर म्हणाले, गोळी लागू पडली. काका म्हणाले, मिक्स. काकूंनी दोघांना चहा दिला, बिनसाखरेचा.

दिवाळी तीन आठवड्यांवर आली आहे. काकांनी या वेळी प्रत्येक घरी मिक्स पाठवायचं ठरवलंय, चारही विंगना, म्हणजे फराळाच्या दिवसांत वाटप नको. जुन्या जॅमच्या बाटल्या त्यांनी भंगारवाल्याला देऊन टाकल्या. काल रिक्षातून खोके उतरवताना दिसले. नव्या बरण्या दोन-दोन किलोच्या आहेत.