पडत्या नारळाचा ऊर्जा-हिशेब

रत्नागिरीत नारळ पडला की दोनच प्रश्न निघतात : कुणाच्या आवारात पडला, आणि उचलला कुणी? वाटेत हवेने त्याची किती ऊर्जा खाल्ली, याची चौकशी कुणी करत नाही. सदर मार्गदर्शन त्यासाठी.

माड शक्यतो स्वतःचा निवडावा. बाणवली जातीचा उत्तम. ठेंगण्या माडाच्या नारळाला हवेशी भांडायला वेळच मिळत नाही. (जातींची चौकशी भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रात करावी, हवेची करू नये.) उंचीसाठी वर चढायचे कारण नाही. मीटरभर काठी उन्हात उभी करून तिच्या आणि माडाच्या सावलीचे प्रमाण काढावे. समजा 20 मीटर भरली, आणि सोडणासकट नारळ दीड किलो. वस्तुमान गुणिले 9.8 गुणिले उंची, म्हणजे 294 ज्यूल. ही जमा. निर्वातात ती पैन्‌पै खाली पोचली असती, पण निर्वातात माड जगत नाही.

आता खर्च. बुंध्याशी बांबू रोवून त्यावर चुन्याने सेंटीमीटरच्या खुणा कराव्यात आणि मोबाईल सेकंदाला 240 चित्रांवर लावून आपण गडग्यापलीकडे बसावे. नारळाला डोळे असतात, तो डोक्यावर पडत नाही, असे जुनी माणसे सांगतात. डोळे असतात, तीन असतात. फक्त ते सोडणाच्या आत असतात.

जमिनीलगत नारळ दर चित्रामागे अंदाजे 7.8 सेंटीमीटर सरकेल. यात मिलिमीटरची चूक म्हणजे 7 ज्यूलचा घोळ, म्हणून दहा चित्रांतले अंतर एकदम मोजावे. वेग येईल सेकंदाला 18.7 मीटर. त्याचा वर्ग गुणिले निम्मे वस्तुमान : 262 ज्यूल. तूट 32.

मे महिन्यात ‘हवा जड झालीय’ म्हणून कुणी तूट वाढवायला सांगेल. ऐकू नये. पाण्याची वाफ हवेहून हलकी असते. दमट हवा उलट किंचित कमी अडवते. घाम आपला, नारळाचा नव्हे.

हे 32 ज्यूल हवेत भोवरे उठवून उष्णतेत विरतात. त्यांनी कपभर चहा अंशाच्या दहाव्या हिश्शानेही तापत नाही. तरी हिशेबाच्या दोन प्रती ठेवाव्यात. माड सामाईक असेल तर भाऊबंद विचारणारच.

झावळीला ही रीत लावू नये. ती गिरक्या घेत उतरते, हवेसमोरची बाजू क्षणाक्षणाला बदलते, आणि गणित उरकायच्या आत घरातले कुणीतरी ती न्हाणीच्या चुलीत सारते. तिथे किलोभर सुकी झावळ सुमारे दीड कोटी ज्यूल देते.